परक्या विद्यापीठातले बिऱ्हाड



आजच्या भाषणाचा विषय परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींचा आहे. परंतु प्रवेश कसा मिळवावा, शिष्यवृत्त्या कोणत्या, व्हिसासाठी रांग कोठे लावावी, या गोष्टी मी सांगणार नाही. त्या सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही जण त्याबद्दल पैसेही घेतात. विमान उतरल्यानंतर, सामान खोलीत ठेवून दार आतून लावल्यानंतर जे सुरू होते, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आणि ज्यांच्यावर ते ओढवते ती मुले तर मुळीच बोलत नाहीत.

मी स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर आपटे आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते नावाचे एक लहानसे स्थानक आहे; त्या गावचा मी एक निवृत्त शिक्षक. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोठून आला, असे कोणी विचारील तर ते योग्यच होईल. उत्तर इतकेच की, गेल्या काही वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली मुले तिकडे जाऊ लागली आहेत, आणि जे आईबापांस सांगता येत नाही ते गावच्या शिक्षकास सांगता येते. शिवाय आपल्या महाराष्ट्रात गेली सवाशे-दीडशे वर्षे माणसे या वाटेने जात आली आहेत. त्यांच्या हकिकती वाचून जे कळते तेही थोडे नाही.

प्रथम हे 'विनिमय-विद्यार्थी' प्रकरण काय आहे ते सांगितले पाहिजे. आपल्याकडील एखादे विद्यापीठ किंवा महाविद्यालय परदेशातील विद्यापीठाशी करार करते. त्या करारान्वये इकडचा विद्यार्थी एक सत्र, फार तर दोन सत्रे, तिकडे शिकतो व तिकडचा इकडे येतो. शिकवणुकीचे शुल्क सामान्यतः ज्याने त्याने आपल्या घरच्या विद्यापीठात भरावयाचे असते. पदवी तिकडची मिळत नाही. तिकडे मिळविलेले श्रेयांक इकडच्या पदवीत जमा होतात. कल्पना नवी नाही. भारत आणि अमेरिका यांच्यामधील फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला आणि युरोपातील देशांनी आपापसांत विद्यार्थी पाठविण्याची इरास्मस योजना १९८७ साली सुरू केली. नवे आहे ते इतकेच की, ही संधी आता पेण-रोह्याच्या मुलांपर्यंत येऊन पोहोचली आहे.

शुल्क माफ असले तरी राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास, शिष्यवृत्ती वा हमीदार नसेल तर, हा खर्च एका बांधील खात्यात आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्यास ९९२ युरो, म्हणजे वर्षास ११,९०४ युरो अशी ठरली आहे. आणि त्या खात्यातून महिन्याला ठरीव रकमेहून अधिक काढता येत नाही. मध्यम स्थितीच्या घरात एवढी रक्कम उभी करताना कोणाचे दागिने जातात, कोणाचे भातखाचर गहाण पडते. हे मी एवढ्याचसाठी सांगतो की, पुढे जे मौन आपल्याला दिसणार आहे त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे. ज्या मुलाच्या पाठवणीसाठी आईच्या बांगड्या गेल्या, तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात 'मला येथे करमत नाही' असे घरी कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या जिल्ह्यास ही वाट अपरिचित नाही. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते या गावी झाला. त्यांचे वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. १९१५ साली ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. पहिले महायुद्ध चालू होते. विद्यापीठातील बहुतेक इंग्रज तरुण लढाईवर गेलेले होते. अशा अर्ध्या रिकाम्या विद्यापीठात संस्कृतात चमकलेल्या या मुलाने सृष्टिविज्ञानाचा अभ्यास केला, १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले आणि दुसऱ्या वर्षी लंडनला आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. जाता जाता एक गंमत सांगतो. त्यांच्याहून चारच महिन्यांनी वडील असलेले विनोबा भावे हे पेण तालुक्यातील गागोद्याचे. ते १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस म्हणून निघाले, वाटेत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. एकाच मुलखातील दोन मुलांनी विद्येसाठी घर सोडण्याचे हे दोन प्रकार!

परंतु अशा चरित्रांत मला एक उणीव भासते. ती पारितोषिकांची तारीखवार नोंद देतात. पहिल्या तीन महिन्यांची हकिकत देत नाहीत. रोह्याच्या वाड्यातून उठून केंब्रिजच्या धुक्यात पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री काय विचार करीत असेल, हे चरित्रकार सांगत नाहीत. नेमके तेच आज जाणाऱ्यास हवे असते.

ज्यांच्याविषयी ही माहिती काहीशी मिळते अशा दोन व्यक्ती आहेत. पहिल्या आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखे घरात घेतले. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. 'हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन' अशा आशयाचे वचन त्यांनी निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या जाहीर सभेत दिले होते. ते त्यांनी आहारात पाळले. पोशाखात मात्र त्यांना थोडी तडजोड करावी लागली. नऊवारीने पोटऱ्या झाकल्या जात नाहीत आणि तिकडच्या थंडीत ते चालणारे नव्हते. तेव्हा त्या गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या. एवढीच तडजोड, पण तीही येथील लोकांच्या टीकेस पुरेशी झाली. थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी त्यांची प्रकृती खालावली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्याच वर्षी त्या क्षयाने पोखरलेल्या देहानिशी परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांनी काय सोडावयास हवे होते आणि काय राखावयास हवे होते, हा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. ज्या समाजाने त्यांना चुलीपाशीही नीट बसू दिले नसते, त्याच्या तोंडून हा उपदेश शोभणारही नाही. परंतु आज जाणाऱ्या मुलीने ती किंमत देण्याचे कारण उरलेले नाही, एवढे मी म्हणेन. आता खोल्या उबदार असतात. बहुतेक देशांत विद्यार्थ्यास आरोग्यविमा सक्तीचा आहे. असे असूनही आपली मुले डॉक्टरकडे जात नाहीत. बिलाच्या भयाने येथून नेलेल्या गोळ्यांवर भागवितात. विम्याचा हप्ता दरमहा भरावयाचा आणि औषध मात्र पिशवीतले घ्यावयाचे, हा हिशेब मला उमगत नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ च्या जुलैमध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ज्या वसतिगृहात ते प्रथम उतरले तेथील जेवण त्यांना मानवले नाही. थोड्याच दिवसांत ते तेथून निघाले, दुसरीकडे काही काळ राहिले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. बाबासाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालय उघडण्यापूर्वी दाराशी उभा असलेला विद्यार्थी येतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्या विद्यार्थ्याने आधी राहण्याजेवण्याचा प्रश्न सोडविला होता, हे आपण विसरतो. खोली मानवत नाही, सोबती मानवत नाही, तर बदलून मागण्यात आमच्या मुलांना संकोच वाटतो. 'इतरांनी चालवून घेतले, मीच का कुरकुर करू' असे म्हणत ती सत्र संपेपर्यंत कुढत राहतात. बदलीसाठी अर्ज करावयाचा तो पहिल्या पंधरवड्यातच करावा. पुढे जागा उरत नाहीत.

दुसरी एक गोष्ट निसर्गाची आहे आणि तिची कल्पना आपल्याला येथे बसून येत नाही. आमचे जिते एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही येथे अकरा तासांचा असतो. बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर आहे. तेथे तोच दिवस सुमारे सात तास चाळीस मिनिटांचा, आणि सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. त्यात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. झोप बिघडते, उठावेसे वाटत नाही, अन्नावरची वासना जाते. आणि मूल समजते की आपले मन दुबळे आहे. मन दुबळे नसते. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते आणि उजेडच नाहीसा झालेला असतो. मध्यान्हीच्या वेळी, पाऊस असो वा नसो, अर्धा तास बाहेर चालून यावे, हा तिकडील लोकांचाच परिपाठ आहे. तो औषधासारखा पाळावा.

आता वर्गाकडे वळू. येथे गैरसमजांचे मोठे पीक आहे.

जर्मनीत वेळापत्रकात 'दहा' असे लिहिले असले आणि पुढे 'सी. टी.' ही अक्षरे असली, तर व्याख्यान सव्वादहास सुरू होते; 'एस. टी.' असले तर ठीक दहाला. आपल्या मुलांना एस. टी. म्हटले की उशिरा येणारी गाडी आठवते, तेथे अर्थ बरोबर उलट! व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, मुठीने बाकावर ठकठक करतात. आमच्या एका मुलास प्रथम वाटले की वर्ग गुरूंवर चिडला आहे. गुणांचीही तीच तऱ्हा. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. इंग्लंडात शंभरांपैकी सत्तर मिळाले की प्रथम वर्ग होतो आणि बासष्ट हे चांगले गुण समजले जातात. नव्वदाच्या सवयीची मुले बासष्ट पाहून रात्रभर रडतात, आणि घरी कळविले तर घरचेही रडतात.

श्रेयांकांचा हिशेब नीट समजून घ्यावा. युरोपात एका सत्रास तीस श्रेयांक पुरे समजतात आणि एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचे काम धरलेले असते. म्हणजे सत्रात साडेसातशे ते नऊशे तास. वेळापत्रकात मात्र आठवड्याचे पंधरा-वीस तासच दिसतात. आपले मूल म्हणते, काम हलके आहे. उरलेले तास ग्रंथालयात आणि खोलीत आपले आपण वाचण्याचे असतात. ते कोणी सांगत नाही, विचारीत नाही. तिसऱ्या महिन्यात एकदम कळते की आपण कोसभर मागे राहिलो आहोत.

त्याहून अवघड गोष्ट बोलण्याची. आमच्या शाळांतून साठ-साठ मुलांचा वर्ग. तेथे शांतता नसेल तर शिकविणेच अशक्य. तेव्हा गप्प बसण्याची सवय वाईट नव्हे, ती आदराची खूण आहे. परंतु तिकडे बारा-पंधरा जणांच्या चर्चावर्गात जो बोलत नाही त्याने वाचलेले नाही, असा अर्थ होतो. अमेरिकेत तर पुष्कळदा चर्चेतील सहभागास स्वतंत्र गुण असतात. शिक्षकाला भेटण्याची वेळ दारावर लावलेली असते. आपली मुले त्या दाराशी जात नाहीत. त्यांना वाटते, तेथे जाणे म्हणजे आपले अज्ञान उघड करणे. वस्तुतः ती वेळ त्याच कामासाठी ठेवलेली असते.

शिक्षकाशी मतभेद दाखविणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूतही येथेच ठेवून जावे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा. परक्या भाषेत त्यांनी तो अभ्यास केला, मापे घेतली, आणि त्या मापांतून वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेस आधार मिळत नाही, असे निष्कर्षात लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. ज्याच्या हाती पदवी आहे त्याच्या मताविरुद्ध मोजमापे मांडावयाची, आणि तीही त्या काळच्या जर्मनीत, हे धैर्य सामान्य नव्हे.

एक धोका मात्र गंभीर आहे. आपल्याकडे ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे उत्तरात उतरविले तर पाठांतराबद्दल शाबासकी मिळते. तिकडे दुसऱ्याचे वाक्य खुणेशिवाय आपल्या निबंधात आले की ती चोरी ठरते. गुण जातात, प्रसंगी प्रवेशही जातो. 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर ऐकून घेतले जात नाही. आता संगणकाकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय झाल्यापासून नियम अधिकच कडक झाले आहेत आणि ते विषयागणिक, शिक्षकागणिक बदलतात. पहिल्याच आठवड्यात शिक्षकास लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

परक्या संस्कृतीत पडलेल्या माणसाच्या मनाला जो धक्का बसतो त्याचे वर्णन कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमधील एका भाषणात केले. प्रथम सारे रमणीय वाटते, मग सारे नकोसे होते, हळूहळू माणूस सावरतो आणि शेवटी रुळतो, असा क्रम त्याने सांगितला. दुसऱ्याच वर्षी लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियनांना विचारून पाहिले. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक बरे रुळलेले आढळले. मधले अधिक एकाकी होते. वाटीसारखा हा आलेख पुढे सर्व पुस्तकांतून आला. परंतु १९९८ साली न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांच्या पाहणीत आढळले की, सर्वांत मोठी खिन्नता पोहोचल्याबरोबरच असते. रमणीय असे काही आरंभी नसतेच. आमच्या मुलांच्या बोलण्यावरून मला हा दुसरा निष्कर्ष अधिक खरा वाटतो. नॉर्वेहून अमेरिकेस जाणे आणि जित्याहून जर्मनीस जाणे यांत अंतर आहे. आणि मूल जेव्हा पुस्तकात वाचते की पहिला महिना आनंदाचा असतो, तेव्हा आपल्या दुःखाबरोबर त्याला आपली लाजही वाटू लागते.

एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे हमरापूर-जोहे भागात घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. मूर्ती आधीच काही महिने खोक्यांत भरून बोटीने परदेशी रवाना होतात. म्हणजे आमच्या मुलांच्या आधी आमचे गणपती समुद्रापार गेले, असे म्हणावयास हरकत नाही. अशाच एका कारखान्यात आखणीचे काम करणाऱ्या गृहस्थांची मुलगी मुंबईस अभियांत्रिकी शिकत होती. ती एका सत्रासाठी जर्मनीस गेली. ऑक्टोबरात तिची छायाचित्रे येत होती, पिवळ्या पानांची. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री तिचा फोन आला. "गुरुजी, मी परत येते. बाबांना तुम्ही सांगा."

मी तिला 'राहा' म्हटले नाही आणि 'ये' असेही म्हटले नाही. तीन गोष्टी विचारल्या. जेवतेस का? झोपतेस का? आणि दिवसाकाठी किती माणसांशी समोरासमोर बोलतेस? पहिल्या दोहोंची उत्तरे अर्धवट आली. तिसऱ्याचे उत्तर आले, "दुकानातल्या बाईशी. पैसे देताना."

पुढे उलगडा झाला तो असा. घरी रोज रात्री दोन-दोन तास व्हिडिओ कॉल चाले. हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. म्हणजे आपली रात्रीची जेवणे होतात तेव्हा तेथे दुपार सरत असते आणि वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मुले जमू लागतात. नेमक्या त्याच वेळी ही दार लावून आईच्या ताटातले बिरडे पडद्यावर पाहत बसे. घराशी संबंध इतका अखंड राहिला की तेथे संबंध जुळण्यास जागाच राहिली नाही. चिंतामणरावांना घरचे पत्र येण्यास आठवडे लागत. तो काळ अधिक बरा होता असे मी म्हणणार नाही, कारण पत्र येण्यापूर्वी माणूस जात असे. परंतु आठवड्यातून दोन वार नेमून घ्यावेत, हे मी तिलाही सांगितले आणि तिच्या आईसही. आईस पटविणे अधिक कठीण गेले. "मास्तर, तिचा चेहरा दिसला नाही तर मला घास उतरत नाही," असे त्या माउलीने म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? अखेर तडजोड झाली: रोज एक ओळीचा निरोप आणि बुधवारी व रविवारी बोलणे.

विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी सल्लागार नेमलेले असतात आणि त्यांची सेवा बहुधा विनामूल्य असते. तिकडे जाण्यास ती प्रथम राजी नव्हती. वेड लागल्यावरच तेथे जातात, ही आपल्याकडची समजूत. दोनदा जाऊन आली. पुढे डिसेंबरात पदार्थविज्ञानाच्या चर्चावर्गात जिप्समविषयी बोलण्याची तिच्यावर पाळी आली. ते सुमारे दीडशे अंशांवर भाजले की त्यातील पाणी निघून प्लास्टर तयार होते आणि पुन्हा पाणी मिळाले की ते घट्ट होऊन बसते; शाडूची माती मात्र पाण्यात विरून जाते. हे तिने पुस्तकाआधी वडिलांच्या कारखान्यात पाहिलेले होते. ती वीस मिनिटे बोलली. प्लास्टरच्या मूर्ती विसर्जनानंतर का विरघळत नाहीत यावर वर्गाने तिला पुष्कळ विचारले आणि तेथून दोघीतिघींशी तिची ओळख वाढली. याने सारे सुरळीत झाले असे नाही. त्या विषयात तिला २.७ मिळाले आणि दुसऱ्या एका विषयात ती नापास झाली. पण ती फेब्रुवारीपर्यंत राहिली.

सर्वांनीच राहावे असा माझा आग्रह नाही. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे आणि जरूर तर घरी आणावे. पैसे बुडतील, बुडू द्यावेत. शेजारीपाजारी चार दिवस बोलतील आणि पाचव्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळेल. हे घरच्यांनी मूल निघण्यापूर्वीच, विमानतळावर हार घालण्याच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. संकटाच्या वेळी मुलाला ते सुचत नाही.

मैत्रीविषयी थोडेसे. आपल्याच देशाच्या मुलांत राहावे की परक्यांत मिसळावे, असा वाद नेहमी होतो. मला तो निरर्थक वाटतो. बाबासाहेबांचे सोबती भथेना हे आपल्याकडचेच. त्यांची मैत्री जन्मभर टिकली. आणि त्याच बाबासाहेबांनी पुढे कोलंबियातील सहाध्यायी व ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे गुरू यांचा उल्लेख आपले उत्तम मित्र म्हणून केला. भात शिजविण्यास एक मित्र लागतो आणि भाषा सुधारण्यास दुसरा लागतो.

परतीचा धक्का हा बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतो. १९६३ साली गलाहॉर्न दांपत्याने दाखविले की, माणूस घरी आल्यावर पुन्हा तशीच एक खळगी येते. मुलांना येथील गोंगाट सहन होत नाही. शिक्षकाला प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा ठरतो. तिकडच्या गोष्टी सांगू लागले की मित्र कंटाळतात. हे चार-सहा महिन्यांत ओसरते.

परंतु सर्वांचीच परत सारखी नसते. बाबासाहेब १९१७ साली परत येऊन करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास गेले. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर, आता जावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा ती परत आली. पारशी पथिकाश्रमात त्यांनी कशीबशी जागा मिळविली, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये वसतिगृह बदलून घेता आले. बडोद्यात सबंध शहरात खोली मिळाली नाही. मग दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर आले. चिंतामणरावांचे नाते तेथून हाकेच्या अंतरावर आहे, असे म्हटले तरी चालेल. एकाच दशकात परदेशी शिकून आलेल्या या दोघांना घरी परतणे म्हणजे काय याचे किती निरनिराळे अनुभव आले असतील! आजही आपल्या गावी परतणाऱ्या सर्व मुलांना दारे सारखीच उघडी असतात काय, हे ज्याने त्याने आपल्या आळीत पाहावे.

शेवटी कागदपत्रांचे. कोणते विषय घ्यावयाचे व त्यांचे किती श्रेयांक येथे धरावयाचे, याचा करार निघण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या सह्यांनी झालेला असावा. तिकडे गेल्यावर विषय बदलला तर करारही त्याच आठवड्यात बदलून घ्यावा; तोंडी आश्वासन परत आल्यावर कोणाच्या स्मरणात राहत नाही. गुणपत्रक पुष्कळदा सत्र संपल्यावर दोन-दोन महिन्यांनी तयार होते. ते कोणत्या पत्त्यावर व कोणाच्या नावे यावयाचे, हे खोली सोडण्यापूर्वी लिहून द्यावे. आमच्या त्या मुलीचे गुणपत्रक एप्रिलमध्ये आले. राहिलेला विषय तिने मे महिन्यात मुंबईस दिला.